समुद्रातले उत्पादन कशावर अडते?

पाणी नेईल तिकडे जाणारे, प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसलेले जीव म्हणजे प्लवक. ही व्याख्या आकारावर नव्हे तर हालचालीवर बेतलेली असल्यामुळे एका मायक्रोनहून लहान जीवाणू आणि मीटरभर व्यासाचा जेलीफिश हे दोघेही तिच्यात बसतात. प्राणिप्लवकांपैकी, म्हणजे इतर जीवांना खाऊन जगणाऱ्या प्लवकांपैकी, कोपेपॉड हे इवले कवचधारी जीव जन्मभर तरंगत राहतात, तर खेकडे, कालवे आणि अनेक मासे बाल्यावस्थेपुरतेच प्लवक असतात.

आजचा विषय मात्र वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणाऱ्या प्लवकांचा आहे. डायटमांना सिलिकाचे कवच असते आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात ते झपाट्याने वाढतात. कोकोलिथोफोर कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या अंगावर बाळगतात. डायनोफ्लॅजेलेट दोन कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या धाग्यांच्या, साहाय्याने हालतात. उष्ण आणि पोषकद्रव्यांनी गरीब अशा पाण्यात प्रोक्लोरोकॉकस या सूक्ष्म जीवाणूचे राज्य असते, आणि इतक्या विपुल जीवाची ओळख विज्ञानाला १९८० च्या दशकात पटावी, हे मला आजही विलक्षण वाटते. हे सगळे मिळून वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन सेंद्रिय रूपात आणतात, म्हणजे पृथ्वीवरील एकूण प्राथमिक उत्पादनाचा जवळजवळ निम्मा वाटा उचलतात. तरीही कोणत्याही क्षणी त्यांचे वस्तुमान जमिनीवरच्या वनस्पतींच्या एक टक्क्याच्याही आत असते, कारण ते काही दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात.

मग हे उत्पादन याहून जास्त का होत नाही? पहिली अडचण अशी की प्रकाश वर असतो आणि पोषकद्रव्ये खाली. अगदी स्वच्छ पाण्यातही साधारण २०० मीटरांखाली प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड उरत नाही, तर मेलेले जीव आणि विष्ठा खोल जाऊन कुजल्याने नायट्रेट आणि फॉस्फेट तिथेच साठतात. उष्ण कटिबंधात वरचे तापलेले, हलके पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, म्हणून महासागरांच्या मध्यभागी भरपूर ऊन असूनही पाणी निळेशार आणि जवळजवळ नापीक राहते. उलट पेरूच्या किनाऱ्यालगत वाऱ्यामुळे खोल पाणी वर येते आणि तिथे मासळीची चंगळ असते. ध्रुवांकडे हिवाळ्यात वादळे पाणी खोलवर घुसळतात. पोषकद्रव्ये वर येतात, पण प्लवकही अंधारात ओढले जातात आणि वाढ उजेडावर अडते.

एवढ्याने कोडे सुटत नाही. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट उन्हाळ्यातही शिल्लक राहतात, तरीही प्लवक विरळच. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस याचे कारण लोह असल्याचे मांडले. प्राणवायूयुक्त पाण्यात लोह फारसे विरघळत नाही, आणि वाळवंटांची धूळ तिथे अत्यल्प पोहोचते. हे मोजणेच मुळात अवघड होते, कारण जहाज लोखंडाचे, नमुना वर आणणारी तार लोखंडाची. आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचा स्पर्श टाळणारी उपकरणे वापरल्यावरच खरे आकडे हाती आले, आणि जुने आकडे फुगलेले होते हे कळले. मार्टिन यांचे १९९३ मध्ये निधन झाले, त्याच वर्षी विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये लोह मिसळण्याचा पहिला प्रयोग पार पडला, आणि १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात तर पाणी हिरवे झाले.

यावरून लोह ओतले की प्लवक वाढतील आणि त्यांच्यातला कार्बन खोल समुद्रात गाडला जाईल, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. भारत आणि जर्मनी यांनी २००९ मध्ये दक्षिण महासागरात केलेल्या 'लोहाफेक्स' प्रयोगात लोह मिळताच वनस्पतिप्लवक वाढले खरे, परंतु त्या पाण्यातील सिलिका आधीच संपत आलेली असल्याने डायटम जोर धरू शकले नाहीत. वाढले ते कवच नसलेले सूक्ष्म जीव, आणि कोपेपॉडांनी त्यांचा फडशा पाडला. त्या कोपेपॉडांवर अँफिपॉड नावाचे मोठे प्राणिप्लवक तुटून पडले. लोहाची अडचण दूर होताच सिलिकाची पुढे आली, आणि तिच्या जोडीला भक्षकांची. खोल समुद्रात जाऊन स्थिरावेल असा कार्बन अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला.