चाकाखालची माती
(कळसूबाई रांगेच्या पायथ्याशी दोन दिवस : लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : पहाटेचा धूसर उजेड. कापणी झालेली भातखाचरे, बांधांवर दव, मागे डोंगररांगेची काळी कड.)

नाशिक जिल्ह्यातल्या घोटीहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात सगळी क्षितिजरेषा डोंगरांनी भरून जाते. डाव्या हाताला 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, आणि उजवीकडे सरकत गेले की एकाला एक लागून उभे असलेले अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आहे. भात कापून झाला आहे, खळ्यांवर उडव्या रचलेल्या आहेत आणि खाचरांतला चिखल वाळून माणसाचे वजन पेलण्याइतका घट्ट झाला आहे, पण ओढ्यांना अजून पाणी आहे. डांबरी रस्ता सोडून गाडीने डोंगरात जाण्यासाठी वर्षातले हेच काही आठवडे आम्हाला योग्य वाटतात. पावसाळ्यात ही माती चाकाबरोबर निघून येते, आणि उन्हाळ्यात गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने वणवा लागावा.

तीन कुटुंबे, तीन गाड्या आणि अकरा माणसे. सर्वांत लहान भाचा सहा वर्षांचा, सर्वांत मोठी माझी आई, एकाहत्तर वर्षांची. गाड्यांमध्ये एक थार, एक जिम्नी आणि एक जुनी जिप्सी. थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते आणि महिंद्राचा इंजिनांचा कारखाना याच इगतपुरी तालुक्यात आहे, त्यामुळे आमच्यापैकी ही एक गाडी जवळजवळ माहेरी आल्यासारखी होती.

याच तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातले आमणे हे 701 किलोमीटरचे अंतर त्या रस्त्याने साधारण आठ तासांत कापता येते. आज आम्हाला जायचे होते फक्त चार किलोमीटर, आणि त्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागणार होता.

(दृश्य : डांबरी रस्त्याची कड. टायरच्या व्हॉल्व्हवर लावलेला हवेचा मीटर, त्यावर वाकलेला लहान मुलगा.)

डांबर संपते तिथे पहिले काम टायरमधली हवा कमी करण्याचे. महामार्गावर 32 पौंड असलेली हवा आम्ही 18 पौंडांवर आणतो. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा टेकलेला पट्टा लांब होतो, गाडीचा भार जास्त जागेवर वाटला जातो आणि रबर दगडाच्या कडेभोवती हाताच्या पंजासारखे वळते. पकड वाढते, हादरे कमी होतात आणि माती कमी उकरली जाते. यातली शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. मीही कित्येक वर्षे तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. मीटर वाचण्याचे काम भाच्याकडे होते. बारा टायरांचे बारा आकडे त्याने मोठ्याने वाचले आणि आजीने ते वहीत लिहून घेतले.

दुसरे काम गिअर बदलण्याचे. या गाड्यांना नेहमीच्या गिअरच्या दांड्याजवळ आणखी एक लहान दांडा असतो. तो लो रेंजला टाकला की इंजिनाचा जोर चारही चाकांवर कितीतरी वाढून पोहोचतो आणि त्याच प्रमाणात वेग उतरतो. थारमध्ये हा फरक सुमारे अडीच पट आहे. चढावर त्यामुळे गाडी माणसाच्या चालीने, न गुरगुरता वर चढते. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते, आणि तेव्हा चालकाने क्लचला पाय लावायचा नसतो, कारण क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते.

(दृश्य : मुरमाचा चढ. गाडीच्या पुढे चालणारा माणूस दोन्ही हातांनी खुणा करतो आहे.)

जिथे वाट अवघड आहे तिथे कुटुंबातली सगळी माणसे खाली उतरतात आणि चालत येतात, असा आमचा नियम आहे. गाडीत फक्त चालक, पट्टा बांधलेला. गाडीपुढे काही अंतरावर एकच माणूस उभा राहून खुणा करतो आणि चालकाने फक्त त्याचेच ऐकायचे असते, कारण बॉनेटच्या पलीकडची दोन हात जागा चालकाला दिसतच नाही. मुले मागून, सुरक्षित अंतरावरून, चालत येतात. त्यामुळे संध्याकाळी विचारले तर वाटेतला कुठला दगड हलता होता आणि कोणत्या बांधावर मुंग्यांचे वारूळ होते, हे गाडी चालवणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त नेमके सांगता येते.

या चढावर चूक माझी झाली. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून जो मुरूम होतो, तो ओलसर असेल तर चाकाला छान धरतो, पण वरचा थर वाळला की त्याचे बारीक खडे मोहरीच्या दाण्यांसारखे चाकाखाली गडगडतात. मधोमध गाडी अडखळली तेव्हा मी पाय उचलायला हवा होता, पण मी तो दाबला. मागची दोन्ही चाके जागच्या जागी फिरली, माती उडाली, आणि काही क्षणांत चाकांखाली वीतभर खोल दोन खड्डे तयार झाले. गाडी मागे घेऊन, दगडांची दुसरी रेघ निवडून, अर्ध्या मिनिटात मी शांतपणे वर चढलो. म्हणजे घाईची काहीच गरज नव्हती.

ही जमीन ज्यांच्या मालकीची आहे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते वरून खाली चालत आले, त्या खड्ड्यात पाय ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “जरा इकडं या, तुम्हाला एक दाखवतो.” वीसेक पावलांवर एक ओघळ होती, गुडघ्याइतकी खोल, दोन्ही बाजूंनी मुळे उघडी पडलेली. तीन पावसाळ्यांपूर्वी कोणा पाहुण्यांची गाडी तिथे रुतली होती आणि चाकांनी वीतभर घळ पाडली होती, एवढेच. पुढचे सगळे पावसाने केले.

(दृश्य : ओघळीचा तळ, अगदी जवळून. उघड्या मुळांना लागलेली लाल माती, खडे, एक गोगलगाय.)

ज्या प्रदेशात चार महिन्यांत एवढा प्रचंड पाऊस कोसळतो, तिथे चाकाच्या ठशाकडे कसे पाहायचे हे मामांनी आम्हाला त्या ओघळीत उभे राहून शिकवले. उतारावर वरून खाली उमटलेला चाकोरीचा ठसा म्हणजे पाण्यासाठी आयती वाट. एरवी गवतातून पसरत, जिरत जाणारे पाणी त्या वाटेने एकवटते, वेग घेते आणि माती सोबत नेते. इथले ओढे दारणेच्या खोऱ्यात उतरतात, दारणा पुढे गोदावरीला मिळते, आणि खाचरातून निघालेली माती ब्रिटिशकाळात बांधलेल्या दारणा धरणाच्या तळाशी जाऊन बसते. मामांना धरणाची चिंता आहेच, पण त्याहून जवळची चिंता खालच्या खाचराची आहे, जिथे गेल्या वर्षी मुरूम वाहून आल्याने दोन ओळी रोपे गाडली गेली.

म्हणूनच फिरत्या चाकांनी माती आणि पाणी उडवणारी जी दृश्ये हौसेने पाहिली जातात, त्यांना मी कौशल्य मानत नाही. या प्रकारच्या चालवण्यातली खरी कसोटी हीच की चाक घसरू द्यायचे नाही. ज्याच्या गाडीमागे वाट होती तशीच राहते, तो उत्तम चालक. ओढ्याच्या पात्रातून उभी गाडी चालवत जाणे तर आम्ही पूर्णपणे वर्ज्य मानतो. ओढा ओलांडायचा तो गुरांच्या रुळलेल्या उतारावरून, काटकोनात आणि एकदाच.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी. समोर दिसणाऱ्या या रांगेपलीकडे अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. 1986 साली ते घोषित झाले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग तिथे वाट सोडून गाडी घालण्याचा प्रश्नच उरत नाही. अलीकडच्या उतारांवरही वनखात्याची राखीव जंगले आहेत. आम्ही ज्या चार किलोमीटरवरून गेलो ती सगळी मालकीची जमीन आणि जुनी बैलगाडीची वाट होती, आणि मामांनी आधी स्वतः चालत येऊन तिच्या हद्दीचे दगड आम्हाला दाखवले होते.

(दृश्य : ओढा. हातात काठी घेऊन पाण्यातून चालणारी मुलगी, पलीकडे उभी जिप्सी.)

ओढ्यात गाडी घालण्याआधी माणूस घालायचा. माझ्या पुतणीने काठीने तळ चाचपला. पाणी तिच्या गुडघ्याखाली होते. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर सांगितली जाते, पण वाहत्या पाण्यात आकड्यापेक्षा तळ महत्त्वाचा असतो. जिप्सीचे एक चाक दोन गोट्यांमध्ये अडकले आणि तिला पट्ट्याने ओढावे लागले. ओढताना ताणलेला दोर तुटला तर गोळीसारखा येतो, म्हणून त्यावर जाड घोंगडी टाकली होती आणि सगळी माणसे दोराच्या लांबीपेक्षाही दूर उभी होती. पाच मिनिटांत गाडी काठाला लागली.

(दृश्य : संध्याकाळ. कापलेल्या खाचरात तीन तंबू, चुलीचा जाळ.)

मुक्काम खाचरातच होता. जंगलाच्या कडेला मोठ्या झाडाखाली तंबू लावणे मोहक दिसते, पण वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ ही दोन्ही कारणे त्याच्या विरोधात जातात. शिवाय कापलेल्या खाचरात नवे गवत तुडवले जात नाही. धसकटे टोचू नयेत म्हणून खाली मामांनी दिलेला पेंढा आणि त्यावर ताडपत्री पसरली. चूल खळ्याच्या उघड्या मातीवर, चोहोबाजूंनी गवत साफ करून, आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. सरपण मामांकडून विकत घेतले होते, झाडाची एकही फांदी मोडली नाही.

ज्या विषयावर कोणी बोलत नाही, तो कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचा असतो. ओढ्यापासून लांब, चढावर आडोशाला आम्ही शौचासाठी वेगळा लहान तंबू उभारला, वीतभर खड्डा खणला, फावडे आणि राख बाजूला ठेवली. माझ्या आईने याआधी दोन वेळा येण्याचे टाळले होते, आणि कारण हेच होते, असे तिने या वेळी सांगितले. त्या तंबूचे वजन दोन किलोही नाही.

मामींनी नाचणीच्या भाकरी थापल्या, आम्ही पिठले आणि ठेचा केला, आणि नव्या इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास चुलीवरून सगळ्या खाचरात पसरला. जेवणानंतर उष्टे-खरकटे गाडीत बंद केले, कारण या भागात बिबट्याचा वावर आहे. मुलांनी अंधारात एकट्याने जायचे नाही, बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, हे सगळे आधीच सांगून झाले होते.

मग दिवे विझवले. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, त्याखाली तांबूस रोहिणी, आणि पूर्वेला कळसूबाईच्या बाजूने मृग वर येत होते. आई म्हणाली, तिच्या वडिलांना रात्री पाणी धरताना घड्याळ लागत नसे. थोड्या वेळाने मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाच्या रेषेत, अगदी डोंगराच्या कडेवर, व्याध उगवला. भाच्याला तो येणाऱ्या गाडीचा दिवा वाटला. पलीकडच्या माळावरून रातवा पक्ष्याचा चक्-चक्-चक् आवाज बराच वेळ येत राहिला.

(दृश्य : सकाळ. तंबूंवर दव, अलंगच्या माथ्यावर पहिले ऊन. सर्व जण ओघळीकडे दगड वाहून नेत आहेत.)

रविवारी सकाळी भंडारदऱ्याला जाऊन 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण पाहायचे ठरले होते. ते आम्ही रद्द केले. मामांच्या ओघळीत बांध घालायचे ठरले, आणि या कामात आमच्या तिन्ही चालकांपेक्षा आई जाणकार निघाली. पाणलोटाच्या कामात याला अनघड दगडी बांध म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही; फक्त दगडावर दगड. मोठे दगड तळाला, थोडे जमिनीत रुतवून. दोन्ही टोके ओघळीच्या काठांत हातभर आत घुसवलेली, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून काठच कापते. आणि मधला भाग कडांपेक्षा बोटभर खाली, म्हणजे भरलेले पाणी मधूनच सांडावे. खालच्या बांधाचा माथा जिथे येईल, त्याच पातळीवर वरच्याचा पाया घ्यायचा. आईने हे पाण्याच्या बाटलीतली पातळी डोळ्यासमोर धरून ठरवले.

दुपारपर्यंत पाच बांध झाले. माझ्या चाकांनी पाडलेले दोन खड्डे आम्ही त्याआधी बुजवले होते. मुरूम भरून, पायांनी चोपून, वर पेंढा पसरून. बुजवायला चाळीस मिनिटे लागली.

(दृश्य : डांबरी रस्त्याची कड. कॉम्प्रेसरचा आवाज. मीटरवर पुन्हा तोच मुलगा.)

उतरताना जिप्सी पुढे होती आणि मी सर्वांत मागे. वाटेवर आदल्या दिवशीचे ठसे शोधत आलो; दवाने फुगलेल्या गवतात ते दोन ठिकाणी दिसले, आणि मुरमाच्या चढावर पेंढ्याखाली झाकलेले होते. डांबर लागले तिथे गाड्या थांबल्या, लहान कॉम्प्रेसर सुरू झाला आणि एकेका टायरमध्ये हवा भरत गेली. चोवीस, सत्तावीस, तीस. भाचा आकडे मोठ्याने वाचत होता आणि आई कालच्याच पानावर, कालच्या बारा आकड्यांसमोर, आजचे आकडे लिहीत होती. पानाच्या तळाशी तिने मामांचे नाव आणि ‘आषाढ’ असे लिहून ठेवले आहे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर मामा त्या पाच बांधांची छायाचित्रे पाठवणार आहेत.