सहावं गाठोडं

(आमच्या गावच्या वाचनालयात केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

आज बोलायचंय एकाच आकड्यावर. 4294967297. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मागच्यांनी हसू नका बाप्पा, कर्जमाफीचा आकडा नाही हा.

पण त्याआधी कापसाचं सांगतो. एका दिवाळीत खेडा खरेदीवाला आमच्या अंगणात आला, काटा त्याचाच. मी म्हटलं मास्तर माणूस मी, मले कोण फसवते? पहिलं गाठोडं त्याच्या काट्यावर, मग घरच्या काट्यावर, बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं, चौथं, पाचवं, सगळे बरोबर, मग मलेच लाज वाटली, इतका शक काहून घ्यायचा, अन् मी चहा सांगायला आत गेलो. तेवढ्यात सहावं गाठोडं काट्यावर चढलं अन् उतरलं. रात्री आईनं भिंत दाखवली. तिनं आदल्या दिवशीच सगळे गाठोडे मोजून कोळशानं लिहून ठेवले होते. सहाव्यापुढं 42, पावतीवर 36. सहा किलो! आई काही बोलली नाही, तो कोळसा मात्र तिनं पुसलाही नाही, पुढच्या पोळ्याला भिंत सारवेपर्यंत तो 42 मी रोज पाहत होतो.

तर फर्मा. फ्रान्सचा, तुलूझच्या कोर्टातला माणूस, गणित त्याचा नाद. दोन घ्या, त्याचा वर्ग, आलेल्याचा पुन्हा वर्ग, असं करत जा अन् प्रत्येकात एक मिळवा. 3, 5, 17, 257, 65537. पाचही मूळसंख्या, म्हणजे एक अन् स्वतः सोडून कशानंच भाग न जाणाऱ्या! 1640 च्या सुमारास तो म्हणून बसला की पुढचेही सगळे तसेच असतील. सहावा आपला हाच, दोनाचा 32 वा घात अधिक एक. (पोरांनो, संगणकाच्या 32 बिटांत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याहून हा फक्त दोनानं मोठा आहे, ते नंतर विचारा.)

काय? दहाच मिनिटं? बरं, कापसानं खाल्ला टाईम.

1732 मध्ये ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञानं सांगितलं, याला 641 नं भाग जातो. 641 गुणिले 6700417, घरी करून पाहा. एवढ्या मोठ्या आकड्यात 641 कसा सापडला? तर ऑयलरनंच दाखवलं की याचा कोणताही मूळ अवयव 64 च्या पटीत एक मिळवून आलेला असतो. म्हणजे 193, 257, 449, 577, 641. पाचव्याच झटक्यात सापडते! अन् गुणाकाराशिवायही दिसते, लिहून घ्या, फळा पुसून राहिलो: 641 म्हणजे पाच गुणिले 128 अधिक एक, अन् 641 म्हणजेच 625 अधिक 16. पहिल्यावरून 640 ला 641 नं भागलं तर बाकी उणे एक (म्हणजे एक कमी पडते), चौथा घात केला की बाकी एक. त्या चौथ्या घातात 625 आहे, दोनाचा 28 वा घात आहे. 625 च्या जागी उणे 16 ठेवा, झाला उणे दोनाचा 32 वा घात, बाकी एक. म्हणजे दोनाचा 32 वा घात अधिक एक, बाकी शून्य. झालं.

सहाव्यानंतरचे जेवढे तपासून झाले त्यातला एकही मूळ निघाला नाही आजपर्यंत. पाचच्या पाच खरे, अन् मग... हो हो, थांबतो, साडेआठची एसटी आहे मले माहीत आहे, पण ते गुणाकार ज्यानं करून आणला त्याले उद्या चहा माझ्याकडं, अन् चहा सांगायला मी आत नाही जाणार.