मॅनिफोल्डवरची कल्हई

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला गाठून विचारलं, "सर, माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तर मॅनिफोल्ड जास्त टिकेल ना?" मी त्याला उलट विचारलं, "आतून करणार की बाहेरून?" तो गोंधळला. बरेच जण गोंधळतात. म्हणून तयार करून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि तिथूनच सुरू करतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातून निघणारा जळका वायू गोळा करून पुढे नेणारी धातूची नळी. टर्बो पेट्रोल इंजिनातून निघणारा हा वायू जोरात पळवलेल्या गाडीत 950 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. डिझेलचा त्यापेक्षा थंड असतो, 800 च्या आसपास. ही उष्णता वायूतून धातूत शिरते आणि धातूतून बाहेरच्या हवेत जाते. आता लेप बाहेरून दिला, तर तुम्ही धातूच्या अंगावर घोंगडी घातली. आतून शिरणारी उष्णता थांबत नाही, बाहेर पडायची वाट मात्र अडते. म्हणजे धातू पूर्वीपेक्षा जास्त तापणार. धातू थंड ठेवायचा असेल तर लेप आतून हवा.

मग लोक बाहेरून का करून घेतात? कारण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, चालतो तोच मुळी या वायूवर. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी 1905 मध्ये पेटंट घेतलं, ते वाया जाणाऱ्या वायूतली शक्ती परत कामाला लावण्यासाठीच. टर्बाइनपर्यंत, म्हणजे टर्बोच्या वायूने फिरणाऱ्या चाकापर्यंत, पोचायच्या आत वायू थंड झाला की तो आकसतो आणि त्याच्यातली शक्तीही घटते. उष्णता आत राहिली तर टर्बो लवकर जागा होतो आणि पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, तोही लवकर तापून कामाला लागतो.

दुसरं कारण बॉनेटखालचं. तापलेला धातू उष्णता बाहेर फेकतो, ती केल्विनमधल्या (सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणाऱ्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने. पृष्ठभाग 900 अंशांवरून 450 वर आणला तर तापमान दिसायला निम्मं होतं, पण फेकलेली उष्णता जवळजवळ सातवा हिस्सा उरते. शेजारच्या वायरी, रबरी होज, ब्रेक ऑइलची नळी, सगळ्यांना हायसं वाटतं.

लेप म्हणजे नेमकं काय? स्वस्तातला म्हणजे सिलिकॉन रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला रंग. साधारण 600 अंशांपर्यंत तग धरतो, गंज रोखतो. उष्णता अडवण्याच्या बाबतीत त्याच्याकडून फार आशा नको. खरा अडवणारा झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड, त्यात सात-आठ टक्के यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळलेला. प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने अतिशय तापवलेल्या वायूच्या, झोतात वितळवून त्याचे थेंब धातूवर मारतात. थेंब चपटे होऊन एकावर एक बसतात आणि मध्ये बारीक पोकळ्या राहतात. एरवी पोकळी म्हटली की क्वालिटीवाला माल परत पाठवतो. इथे तीच कामाची, कारण उष्णतेला ती ओलांडणं जड जातं. अमेरिकेच्या एक्स-15 या रॉकेट विमानाच्या इंजिनावर 1960 च्या दशकात झिर्कोनियाचाच लेप होता.

आता अडचण. इनॅमलचा मग आठवा. पडला की टवका उडतो, हे खरंच. पण रिकामा मग चुलीवर राहिला तरी उडतो. आतला धातू आणि त्यावरचं इनॅमल, म्हणजे काचच, सारखे फुगत नाहीत. इथेही तेच. स्टेनलेस स्टील तापल्यावर झिर्कोनियाच्या दीडपटीहून जास्त फुगतं. म्हणून मध्ये निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि यिट्रियम यांच्या मिश्रधातूचा थर देतात, तो दोघांना सांभाळून घेतो. त्याच्याही आधी पृष्ठभाग ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे कठीण कणांचा जोरदार मारा करून, खरखरीत करतात. कल्हईवाला नवसागर टाकून भांडं घासायचा, तो उगाच नव्हे. मी पाहिलेल्या बिघडलेल्या कोटिंगांपैकी बहुतेक या पहिल्या पायरीलाच बिघडलेली होती. तेलाचा डाग राहिला की लेप तिथून सुटणार.

आतून लेप द्यायला वर्कशॉपवाले कचरतात, त्याचं कारणही हेच. टवका सुटला तर तो वायूबरोबर थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो, आणि ती मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतात. सायलेन्सरवाल्याकडे मिळणाऱ्या फायबरच्या पट्ट्या गुंडाळणं हा तिसरा मार्ग. मला तो आवडत नाही. पावसाचं पाणी धरून पाइप गंजवतात, आणि त्यात तेल झिरपलं तर आग लागू शकते.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं : आधी मॅनिफोल्ड कशाचा आहे ते शोध. सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं ओतीव लोखंड 850 अंशांच्या वर फार टिकत नाही. त्यावर बाहेरून जाड लेप देणं म्हणजे त्याला तापात रजई पांघरणं. ओतीव स्टेनलेस असेल तर विचार करू. आणि गाडीवर कंपनीने बसवलेला हीट शील्डचा पत्रा जागेवर आहे का, तेही बघ. खडखड वाजतो म्हणून कुणीतरी तो काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलेला असतो.