14 मिलिमीटर: हायपोस्पेडियासच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत

(दृश्य: ऑपरेशन टेबल. भिंगाचा चष्मा लावलेले सर्जन. हातात छोटी मोजपट्टी.)

14 मिलिमीटर. शिश्नमुंडाची, म्हणजे शिश्नाच्या टोकाच्या गोलसर भागाची, रुंदी याहून कमी भरली, की सर्जन सावध होतात. एवढ्याशा जागेत नवा मूत्रमार्ग बसवायचा आणि मुंडाच्या दोन्ही बाजू त्यावर ओढून शिवायच्या. जागा अपुरी असली तर टाक्यांवर ताण येतो, रक्तपुरवठा घटतो आणि टाके उसवतात.

हायपोस्पेडियासमध्ये लघवीचं छिद्र जन्मतःच टोकाला नसतं, शिश्नाच्या खालच्या बाजूला कुठेतरी असतं. साधारण 200 ते 300 मुलग्यांमागे एकाला. छिद्र टोकाजवळ असेल तर बहुतेक वेळा एका शस्त्रक्रियेत काम होतं. ते अंडकोशाजवळ असेल, तर गुंतागुंतीची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

पण नुसत्या छिद्राच्या जागेवर विसंबू नये. शिश्नाला खाली बाक किती, हे कातडी सोडवल्यावरच खरं कळतं. बाहेरून सौम्य वाटलेली केस टेबलावर अवघड निघते, ती इथेच. बाक साधारण 30 अंशांहून जास्त राहिला, तर मूत्रमार्गाची मूळ पट्टी, म्हणजे जिची नळी व्हायला हवी होती ती, बऱ्याचदा कापावी लागते. मग नळी घडवायला ऊती आणायची कुठून? बहुधा पुढच्या कातडीच्या आतल्या थरातून. म्हणून तर अशा बाळाची आधी सुंता करू नका, असं सांगतात. शिवणकामाला लागणारं कापडच आपण फेकून दिलेलं असतं.

(दृश्य: रेखाचित्र. नवी नळी, तिच्यावर एक थर, वर कातडी.)

सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे फिस्टुला. नळीच्या शिवणीवर नेमकी कातडीची शिवण आली, की मधून वाट फुटते आणि लघवी दुसरीकडूनही गळते. त्यासाठी दोन्हींच्या मध्ये रक्तपुरवठा असलेल्या ऊतीचं अस्तर घालतात. हे अस्तर नसणं किंवा पातळ असणं हा मोठा धोका.

मात्र फिस्टुला दिसला की फक्त भोक बुजवायचं, हा हिशोब अपुरा आहे. कधी पुढचं तोंडच अरुंद झालेलं असतं. तुंबलेली लघवी कच्च्या शिवणीवर दाब टाकते. तोंड मोकळं न करता भोक शिवलं, तर ते पुन्हा उघडू शकतं. शिवाय घाई चालत नाही. सूज उतरून ऊती मऊ व्हायला निदान 6 महिने देतात.

आधी फसलेली शस्त्रक्रिया हाही धोकाच. व्रणाच्या ऊतीत रक्त कमी आणि लवचिकताही कमी. अशी ऑपरेशनं नियमित करणारे हात पहिल्याच वेळी लाभणं म्हणूनच महत्त्वाचं. वयाचं म्हणाल, तर 6 ते 18 महिने हा काळ सहसा निवडतात. मात्र वयामुळे धोका नेमका किती बदलतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आधी हार्मोन द्यावं का, यावरही नाही.

(दृश्य: दवाखान्याचा कॉरिडॉर. कडेवर बाळ घेतलेली आई, शेजारी वडील.)

‘लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) सांभाळताना आमचंच काही चुकलं का?’ आईवडील हमखास विचारतात. काळजी घ्यावीच लागते, पण धोक्याचा मोठा वाटा बाळाच्या जन्मजात रचनेत असतो.

कॅथेटर निघतो, ड्रेसिंग सुटतं. काही गुंतागुंत महिन्यांनी, तर काही वर्षांनी, वयात येताना समोर येते. म्हणून पोर उभं राहून शू करायला लागलं, की डॉक्टर विचारतात: धार एक पडते की दोन? सरळ जाते का? जोर करावा लागतो का?