पेन्सिल आहे का तुमच्याकडे?

मागे आवाज येतोय ना नीट? बरं. सुरुवातीलाच एक विचारते, शाळेत असताना च-ची भाषा कोण कोण बोलायचं? हात वर करा. बघा, बहुतेक हात बायकांचेच आहेत! 'मला नको' म्हणजे 'चलाम चकोन', 'घर' म्हणजे 'चरघ'. मधल्या सुट्टीत डबा खाताना आम्ही तिघी हे असं सुसाट बोलायचो आणि चौथी आली की तिच्यासमोर मुद्दाम जास्तच. कोड म्हणून तो अगदीच बावळट होता, आमच्या बाईंना सगळं कळायचं, पण आमचं कोडवर काही अडलं नव्हतं. आमच्यात एक गुपित होतं म्हणून आम्ही मैत्रिणी होतो, एवढंच. जे आईला सांगत नाही ते हिला सांगायचं, मैत्री म्हणजे तरी दुसरं काय असतं हो.

आता अशा मुली डोळ्यासमोर आणा ज्यांचं वय अठरा, एकोणीस, वीस आहे, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडल्यात, खोलीत सोबत दुसरी तशीच मुलगी आहे, आणि आयुष्यात जे सगळ्यात भारी काम मिळालंय त्यातलं एक अक्षरही तिला सांगायचं नाही. उद्याही नाही, लग्न झाल्यावरही नाही, युद्ध संपल्यावरही नाही.

जागा इंग्लंडमधली, ब्लेचली पार्क. लंडनपासून साधारण 80 किलोमीटर, एक श्रीमंत माणसाचा जुना वाडा, काहीसा विचित्र दिसणारा, आणि त्याच्या आवारात भराभर उभ्या केलेल्या लाकडी शेड, ज्यांना ते लोक 'हट' म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे, इटलीचे, जपानचे सांकेतिक संदेश इथे फोडले जायचे. आपण इथल्या ट्युरिंग नावाच्या गणितज्ञाचं नाव ऐकलेलं असतं, सिनेमेही बघितलेले असतात, त्यामुळे वाटतं की चार-पाच हुशार पुरुष आणि एक मशीन, झालं काम. तसं नाहीये ते. युद्धाच्या शेवटी शेवटी तिथे नऊ-दहा हजार माणसं कामाला होती आणि त्यातल्या दर चारजणांत तीन बायका होत्या. कोणी कार्ड लिहीत होत्या, कोणी मशीन चालवत होत्या, कोणी भाषांतर करत होत्या, आणि काहीजणी, अगदी थोड्या, प्रत्यक्ष कोड फोडत होत्या.

मला सगळ्यात आवडते ती मेव्हिस लिव्हर. 1940 साल, वय 19, जर्मन शिकत होती ती सोडून आली. तिला पाठवलं डिली नॉक्स नावाच्या एका विक्षिप्त म्हाताऱ्याकडे, म्हणजे म्हातारा कसला, पन्नाशीतला, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला तो म्हाताराच. हा बाबा आवारातल्या एका कॉटेजमध्ये बसायचा. ती आत शिरली तर ना नाव विचारलं ना बस म्हटलं, म्हणाला, हॅलो, आम्ही मशीन फोडतोय, पेन्सिल आहे का तुमच्याकडे? एवढंच ट्रेनिंग!

तर या मेव्हिसचा एक किस्सा मी कुठेही बोलायला गेले तरी सांगते, सांगितल्याशिवाय राहवतच नाही. शत्रूचं संदेश सांकेतिक करायचं जे मशीन, एनिग्मा, ते कसं असतं, तर टाइपरायटरसारखं, तुम्ही एक अक्षर दाबलं की आतली चाकं फिरतात आणि वर दुसऱ्याच एका अक्षराचा दिवा लागतो. तेच अक्षर परत दाबलं तर तिसराच दिवा. शोधून काढायला अशक्य वाटावं असं. पण त्यात एक खोट होती, कुठलंही अक्षर कधीच स्वतःचं स्वतः होत नाही, म्हणजे ए दाबलं तर काहीही उमटेल पण ए उमटणार नाही. आता मेव्हिससमोर इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश आला, ती बघत बसली, बघत बसली आणि तिला जाणवलं की या अख्ख्या संदेशात एल कुठेच नाहीये. एकदाही नाही. का नसेल? तर तिकडच्या ऑपरेटरला सांगितलं असणार की नुसताच एक खोटा संदेश पाठव, म्हणजे ऐकणारे गोंधळतील, आणि त्या पठ्ठ्याने कंटाळून कीबोर्डवरचं शेवटचं बटण, जे एलचं होतं, ते एका बोटाने दाबत बसायचं ठरवलं. मेव्हिस म्हणायची, दुसऱ्या हातात सिगरेट असणार. त्याच्या त्या आळसातून मशीनच्या चाकाची आतली जोडणी तिने बाहेर काढली! मी गणित शिकवलंय इतकी वर्षं, वहीत काय लिहिलंय ते सगळी पोरं बघतात, काय लिहिलेलं नाही ते बघणारं पोर क्वचित मिळतं.

मार्च 1941 मध्ये त्या कॉटेजमधल्या बायकांच्या हाती इटालियन नौदलाचा एक छोटा संदेश लागला, की आज तो दिवस उणे तीन. म्हणजे तीन दिवसांनी काहीतरी होणार. तीन दिवस-रात्र त्या त्याच्या मागे लागल्या आणि किती जहाजं, कुठे, केव्हा हे सगळं मिळालं. त्यावरून ब्रिटिश नौदलाने ग्रीसजवळ मातापानला इटालियन ताफ्याला गाठलं, तीन क्रूझर आणि दोन डिस्ट्रॉयर बुडवली. दोन हजारांच्या वर इटालियन खलाशी मेले, हेही सांगायला पाहिजे, पेन्सिलीचं काम असलं तरी पलीकडे माणसंच होती. आणि गंमत बघा, खबर कोडमधून मिळाली हे कळू नये म्हणून आधी एक टेहळणी विमान मुद्दाम पाठवलं, इटालियनांना ते दिसावं म्हणून, आणि श्रेय सगळं त्या विमानाला गेलं. नंतर त्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम स्वतः कॉटेजमध्ये आभार मानायला आले, तर भिंतीला नुकताच चुना लावला होता, या पोरींनी गप्पा मारत मारत त्यांना असं काही कोपऱ्यात घेतलं की गडद युनिफॉर्मची पाठ पांढरी!

आता हे घरी सांगता येणार नाही. पेपरात विजयाची बातमी आहे, गावभर चर्चा आहे, आणि आपण म्हणायचं, हो का, अरे वा.

नियम किती कडक होते याचा एक कागदच आहे, मे 1942 चा. जेवताना बोलू नका. गाडीत बोलू नका. प्रवासात बोलू नका. जिथे राहता त्या घरी बोलू नका. स्वतःच्या घरी शेकोटीपाशी बसूनसुद्धा बोलू नका. आणि आपल्या हटमध्येही जपून. मला हे वाचताना असं झालं की मग उरलं काय? दोन मैत्रिणी बोलतात कुठे, तर जेवताना, गाडीत आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर.

शिवाय एका हटमधलं काम दुसऱ्या हटला माहीत नाही. हट 6 मध्ये जर्मन लष्कर आणि हवाईदलाचे संदेश फोडायचे आणि शेजारच्या हट 3 मध्ये त्यांचं भाषांतर. मध्ये काही पावलांचं अंतर. तर या दोन शेडच्या मध्ये एक लाकडी बोगदा केला होता, त्यात ट्रे ठेवायचा आणि झाडूच्या दांड्याने पलीकडे ढकलायचा. झाडूचा दांडा, हो! युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गुपिताची वाहतूक झाडूच्या दांड्याने. कागद इकडून तिकडे जात होता, माणसं जात नव्हती. पाळ्याही तीन, सकाळी आठ ते चार, चार ते मध्यरात्र आणि मध्यरात्र ते सकाळ, म्हणजे एका खोलीतल्या दोघींच्या पाळ्या वेगळ्या असल्या की एक येते तेव्हा दुसरी निघालेली. आणि भेटल्या तरी 'कसा गेला दिवस' हा प्रश्नच बाद. आपण दिवसातून किती वेळा विचारतो तो, मोजून बघा. ऑफिसातून आल्यावर साहेब काय म्हणाला, कोण कोणावर चिडलं, माझी चूक झाली तर काय होईल, यातूनच तर मैत्री मुरते. लोणचं मुरायला मीठ लागतं तसं मैत्रीला ही कुरबुर लागते. त्यांच्याकडे ती काढूनच घेतली होती.

मग त्या बोलायच्या कशावर? नाचावर, नाटकावर, कूपनवर मिळणाऱ्या कपड्यांवर, मुलांवर. तिथे नाटकाचा ग्रुप होता, बुद्धिबळ होतं, स्कॉटिश नाच शिकवायचे. लोक म्हणतात बघा किती मजा होती, हो, असणारच, पण मला वाटतं पोट भरून बोलता येत नाही म्हटल्यावर माणूस नाचतोच.

जरा स्वतःचं सांगते, मग पुढे जाते. माझी हॉस्टेलची रूममेट पुण्यात संरक्षण खात्याच्या एका ठिकाणी नोकरीला लागली. आम्ही कॉलेजात एकमेकींची पत्रंसुद्धा वाचायचो. नोकरी लागल्यावर मी विचारलं, काय करतेस गं? म्हणाली, चाललंय. परत विचारलं, म्हणाली, अगं तेच ते, कंटाळवाणं. मला वाटलं शिष्ट झाली. दोन-तीन वर्षं मी मनात धरून बसले, फोन कमी केले, आणि ती बिचारी तिकडे समजत होती की मी संसारात अडकले म्हणून फोन करत नाही. ब्लेचलीबद्दल वाचलं तेव्हा मी आधी तिला फोन लावला. असो.

तर उलटीही बाजू आहे. जिथे बोलायची मुभा होती, म्हणजे त्याच टेबलावर, तिथली मैत्री फार घट्ट झाली. हट 8 मधली जोन क्लार्क घ्या, केंब्रिजची गणिती. तिला बढती द्यायची तर बाईमाणसाला त्या कामाची ग्रेडच नव्हती, मग कागदोपत्री तिला भाषातज्ज्ञ दाखवलं. फॉर्म भरताना ती लिहायची, ग्रेड भाषातज्ज्ञ, भाषा एकही नाही. सरकारी फॉर्म सगळीकडे सारखेच! तर ती आणि ॲलन ट्युरिंग, एकाच कामावर, शिफ्ट संपल्यावर बुद्धिबळ. 1941 मध्ये त्याने तिला लग्नाचं विचारलं, ती हो म्हणाली, मग त्याने तिला सांगितलं की आपला ओढा पुरुषांकडे आहे. त्या काळात हे सांगणं म्हणजे तुरुंगाची भीती. म्हणजे बघा, आख्खं सरकार ज्यांना तोंड शिवून ठेवायला सांगत होतं त्यातला एक माणूस आपलं सगळ्यात मोठं गुपित ज्या व्यक्तीला सांगतो ती ही जोन. साखरपुडा पुढे मोडला. मैत्री टिकली.

आणि मेव्हिसच्या कॉटेजमध्ये होती मार्गारेट रॉक, तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी. लिव्हर म्हणजे तरफ, रॉक म्हणजे खडक, नॉक्स म्हणायचा की मला एक लिव्हर आणि एक रॉक द्या, मी विश्व हलवून दाखवतो. या दोघींनी नॉक्सबरोबर डिसेंबर 1941 मध्ये जर्मन हेरखात्याचं एनिग्मा फोडलं, ज्याचा उपयोग पुढे डी-डेच्या वेळी, म्हणजे 1944 मध्ये दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा, हिटलरला चकवायला झाला. मार्गारेट ब्रिटिशांच्या या कोड फोडणाऱ्या खात्यातच राहिली, निवृत्त झाली, 1983 ला गेली, तोंड न उघडता. मेव्हिस बागांच्या इतिहासाची अभ्यासक झाली आणि म्हातारपणी बोलू लागली, लिहू लागली. त्या खडकाची गोष्ट शेवटी या तरफेनेच उचलली.

बाकी बहुतेकींना हेही सुख नव्हतं. बॉम्ब नावाची मशीनं होती, एनिग्माची रोजची सेटिंग शोधणारी, माणसापेक्षा उंच, टनभर वजनाची, त्यावर नौदलाच्या मुली, ज्यांना रेन म्हणायचे, आठ-आठ तास उभ्या. तेलाचा वास, कानठळ्या, आणि चाकाच्या मागच्या बारीक तारा चिमट्याने सरळ करत बसायच्या, एक तार दुसरीला टेकली की सगळं वाया. मशीन थांबलं की आकडा फोनवरून कळवायचा आणि काही वेळाने उत्तर यायचं, जॉब अप. म्हणजे सेटिंग बरोबर निघाली, मशीन मोकळं करा, पुढचं लावा. कुठला संदेश, कुठलं जहाज वाचलं, काही नाही. फक्त जॉब अप. युद्ध संपल्यावर हीच मशीनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांनीच खोलली. मग घरी जा आणि विसरा.

हे फक्त तिकडचं नाही बरं. दिल्लीत आनंद पर्बतवर याच कामाचं केंद्र होतं, बंगळूर आणि बराकपूरला त्याच्या शाखा, जपानी संदेशांसाठी. कोलंबोलाही रेन मुली होत्या. अमेरिकेत तर दहा हजारांवर बायका या कामात होत्या आणि त्यांना शिकवलेलं उत्तर असं की कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो आणि पेन्सिलींना टोक करतो. लोकांना ते लगेच पटायचं, बायका म्हटल्यावर अजून काय करणार! मला याचा राग येतो, आणि हसूही येतं, कारण पेन्सिलीचं तरी खरंच होतं.

गुपित उघडं झालं 1974 मध्ये, विंटरबॉथम नावाच्या एका अधिकाऱ्याने पुस्तक लिहिलं तेव्हा. जवळजवळ तीस वर्षं. तोवर कित्येकींचे आई-बाप गेले होते, मुलगी युद्धात कुठेतरी टायपिंग करत होती असं समजून. त्या काळच्या मैत्रिणींचं काय झालं असेल? पत्र लिहायचं तर त्यात काय लिहायचं, आठवतं का ते, यापुढे लिहायला बंदी. नाताळचं कार्ड, मुलांची नावं, हवा. काही वर्षांनी तेही बंद. आणि परवानगी मिळाल्यावरही पुष्कळजणी बोलल्या नाहीत, तीस वर्षांची सवय एका पुस्तकाने जात नाही.

केट मिडलटन माहीत आहे ना, इंग्लंडची, विल्यमची बायको. तिची आजी व्हॅलरी आणि व्हॅलरीची जुळी बहीण मेरी, दोघी ब्लेचलीत हट 16 मध्ये होत्या. आजी 2006 ला गेली, नातीला काही न सांगता. 2014 मध्ये केट तिथे गेली तेव्हा तिला भेटल्या मेरियन बॉडी, नव्वदीच्या पुढच्या, आजीच्या कामावरच्या मैत्रीण. त्यांनी सांगितलं की ऑगस्ट 1945 मध्ये आम्ही कामावर बसलो होतो, तुझी आजी तिथेच होती, आणि साहेब आत आले, म्हणाले शाब्बास मुलींनो, टोकियोहून निघालेला संदेश पकडलाय, जपान शरण येतंय. आणि मग? मग कोणीच काही बोललं नाही. सगळ्याजणी नुसत्या बसून राहिल्या.