पार्करांची भट्टी

(दृश्य: पहाटेचं धुकं, ओहायो नदी)

ही अमेरिकेतली ओहायो नदी. अलीकडे रिप्ली गाव, पलीकडचा काठ केंटकीचा. १८६५ पर्यंत त्या काठावर माणूस विकत मिळायचा, या काठावर नाही.

(दृश्य: टेकडीच्या पायऱ्या, वरचं घर)

बघायला आलेले लोक आधी या पायऱ्या चढतात. वर पाद्री जॉन रँकिन यांचं घर. तिथला दिवा पलीकडून पळून येणाऱ्या गुलामांना दिसायचा. दिव्याचं कौतुक पुष्कळ झालंय. आपण खाली उतरू.

(दृश्य: फ्रंट स्ट्रीट, विटांचं घर)

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामांसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. नाव एकाचंही घातलं नव्हतं. त्यातले एक या घरात राहत. जॉन पार्कर. गुलामांना सोडवायला रात्री होडी घेऊन पलीकडे जाणारे हेच. दिवसा फौंड्रीचे मालक.

जन्म १८२७ चा, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा. आई गुलाम, बाप गोरा. आठव्या वर्षी पोराला विकलं, साखळीला बांधलं आणि पार अलाबामातल्या मोबीलला नेलं.

(दृश्य: डोंगरात फुललेली झुडपं)

वाटेत डोंगर फुलले होते. पोरानं काठी उचलली आणि दिसेल त्या झुडपावर हाणत सुटला. झुडपं मोकळी होती, एवढाच त्यांचा गुन्हा. पुढे उतारवयात एका पत्रकाराला त्यांनीच हे सांगितलं.

(दृश्य: वाळूचा साचा, लोखंडाचा रस)

मोबीलला ते ओतकाम शिकले. ओली वाळू ठासून साचा करायचा, वाफ निघून जायला सुयांनी भोकं पाडायची, मग रस एका दमात ओतायचा. मध्येच हात थांबला की माल भंगारात. असा हात कमावल्यावर त्यांनी एका विधवा बाईंना गळ घातली: मला विकत घ्या, मजुरीतून फेडतो. किंमत १,८०० डॉलर. हप्त्याहप्त्यानं फेडली आणि १८४५ मध्ये, अठराव्या वर्षी, सुटले.

मग रिप्लीत राहायला आल्यावर परत त्या गुलामीच्या काठाला कशाला जायचं? पार्कर म्हणत, मारापेक्षा वाईट वेगळंच होतं. स्वतःच्या मनानं काही करण्याची सोयच काढून घेतलेली असायची.

(दृश्य: रात्रीचं पाणी, वल्ह्यांचा आवाज)

एका जोडप्यानं पळू नये म्हणून मालक त्यांचं तान्हं स्वतःच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवी. उशाजवळ पिस्तुलं. पार्कर अंधारात खोलीत शिरले, मूल उचललं आणि धूम ठोकली. तिघंही नदीपार.

(दृश्य: पेटती भट्टी)

सोडवलेल्यांची ते वही ठेवत. नावं, तारखा, हकीकती. ३१५ जण झाले होते. १८५० चा, पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा आला. मदत करणाऱ्याला १,००० डॉलर दंड, सहा महिने कैद. वही भट्टीत गेली. फेऱ्या थांबल्या नाहीत.

पुढे यादवी युद्ध झालं, गुलामी संपली.

(दृश्य: पेटंटचं रेखाचित्र)

हे १८९० चं पेटंट, पार्करांच्या नावचं. शेतातली ढेकळं फोडायचं यंत्र.