तिकिटाच्या जागी सही

नमस्कार. अमेरिकेत मतदाराच्या घरी त्याच्या काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) सदस्याचे अधिकृत पत्र येते, तेव्हा लिफाफ्यावर तिकिटाच्या जागी त्या सदस्याची सही छापलेली असते. या सवलतीला ‘फ्रँकिंग’ म्हणतात. तिला सर्रास मोफत टपाल म्हटले जात असले, तरी ते मोफत नसते, कारण या पत्रांचा खर्च काँग्रेस आपल्या निधीतून, म्हणजेच करदात्यांच्या पैशांतून, टपाल खात्याला भरून देते.

ही प्रथा मूळची ब्रिटिश संसदेची, सतराव्या शतकातली. तिथे सदस्य कोऱ्या लिफाफ्यांवर सह्या करून ते स्नेह्यांना वाटू लागले, तेव्हा संपूर्ण पत्ता सदस्याच्याच हस्ताक्षरात असावा, अशी अट १७६४ मध्ये घालावी लागली. १८४० मध्ये देशभर एकाच दराचे, एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि ब्रिटनने ही सवलत बंद केली. अमेरिकेने ती १७७५ मध्ये, स्वातंत्र्याच्या घोषणेआधीच, स्वीकारली होती. १८७३ मध्ये ती तिथेही रद्द झाली, पण पुढच्या वीसेक वर्षांत टप्प्याटप्प्याने परत आली.

ती परत आली याचे मला आश्चर्य वाटत नाही. निवृत्तिवेतन अडकलेल्या एखाद्या वृद्धेने आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिले, तर तिला उत्तर देणे हे त्याचे कामच आहे आणि त्या कामाचा टपालखर्च त्याने पदरचा करावा, असे म्हणता येत नाही. मात्र कोणी न विचारता हजारो घरांत छापील पत्रके पाठवणे ही निराळी गोष्ट आहे. विद्यमान सदस्याला त्यातून जी प्रसिद्धी मिळते, ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी लागते.

१९७३ च्या कायद्याने नेमकी हीच सीमारेषा आखण्याचा प्रयत्न केला. या सवलतीतून मते किंवा देणग्या मागता येत नाहीत. शोकसंदेश पाठवता येतो, परंतु नाताळच्या शुभेच्छांचे कार्ड नाही, आणि हा भेद मला विचारपूर्वक केलेला वाटतो. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, एकाच मजकुराची ५०० हून अधिक पत्रे ‘सामूहिक टपाल’ ठरतात; सदस्य स्वतः उमेदवार असेल, तर निवडणुकीआधीचे ६० दिवस ती पाठवता येत नाहीत. मतदाराने स्वतःहून लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यायला मात्र त्या ६० दिवसांतही मुभा असते.